क्वामेच्या कॉफीतली साय

डॉक्टरीणबाईंनी व्हर्लिन क्वामेला कॉफीतली साय बंद करायला सांगितली, तेव्हा त्यानं फक्त मान डोलावली. टोपी डोक्यावर चढवली, बाईंशी हात मिळवला आणि बाहेर पडला. गाडीत अकरा मैल गप्प. नॉर्डालच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा कुठं त्यानं बायकोला विचारलं,

"ही बाई मूळची कुठली?"

"ॲरिझोनाची म्हणे," आर्डिस म्हणाली.

"तरीच. तिकडं निवडुंगाची धार काढत असतील."

विनोद सोडला तर मामला साधा नव्हता. व्हर्लिनच्या हृदयाच्या नळ्यांत आधीच दोन स्प्रिंगा बसवलेल्या होत्या. तिसरीची पाळी आली तर ती बसेलच असं नाही, हे बाईंनी आर्डिसकडे बघून दोनदा सांगितलं होतं. व्हर्लिननं घरी येऊन बेकन सोडलं. पावावरचं लोणी सोडलं. रविवारच्या ॲपल पायचा तुकडासुद्धा अर्धा केला. पण पहाटेच्या कॉफीतली साय, ती डेअरीच्या बाटलीतून ओतायची दाट साय? तिचं नाव काढलं की तो खिडकीबाहेर बघायला लागायचा.

खिडकीबाहेर गोठा होता. रिकामा. तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात त्यातल्या बावन्न गाई ट्रकमध्ये चढल्या होत्या. नॉर्डालच्या आसपास एके काळी साठ गोठे होते. संध्याकाळी रस्त्यानं गेलं की प्रत्येक गोठ्यातून धारेच्या यंत्राची ठकठक आणि रेडिओवरची पोल्का नाचाची गाणी ऐकू यायची. आता चार गोठे उरले होते. ट्रक वळणाआड गेल्यावर व्हर्लिन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "कॉफी टाक." त्यात त्यानं इतकी साय ओतली की कॉफी पार गोरीपान झाली. तेव्हापासून तो रोज साडेचारला, धारेच्या वेळेला, उठून तशीच कॉफी घ्यायचा. तेवढी वीस मिनिटं तो गवळी असायचा. मग उजाडायचं आणि तो नुसता म्हातारा व्हायचा.

हे सगळं आर्डिसला माहीत होतं. त्यामुळे साय काढून घ्यायची तिची छाती होईना, आणि काढून घेतली नाही तर नवरा जाणार. तिनं तिसरा मार्ग काढला. सायीसारखं दिसणारं काहीतरी आणायचं आणि गुपचूप सायीच्या बाटलीत भरायचं.

दुकानातल्या थंड कपाटासमोर ती उभी राहिली तेव्हा मात्र काय उचलावं ते तिला कळेना. बदामाचं क्रीमर, नारळाचं क्रीमर, ओट्सचं, मटारचं, काजूचं. एकावर 'साखर नाही' असं लिहिलेलं, पण मागं बारीक अक्षरात साखरेची चार सोंगं. एकावर 'हृदयाचा मित्र', आणि आत खोबरेल. जे खरंच पौष्टिक होतं ते पाण्यासारखं पातळ, आणि जे दाट होतं त्यातल्या घटकांची नावं वाचता वाचता धाप लागत होती. आर्डिसनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिला आईची आठवण झाली. तिच्या लहानपणी विस्कॉन्सिनात, म्हणजे दुधालोण्यावर जगणाऱ्या ह्या राज्यात, पिवळं मार्गारिन, तेलाचं नकली लोणी, विकणं हा गुन्हा होता. आई शेजारच्या इलिनॉय राज्यात जाऊन चोरून घेऊन यायची आणि परतीच्या वाटेवर मुलांना डब्यांवर बसवायची. "हलू नका गं," म्हणायची, "कायद्यावर बसलाय तुम्ही." आज साठ वर्षांनी आर्डिस स्वतः तेच करत होती, आणि खोक्यांवर बसायला मुलंही नव्हती.

तिनं हातात चार खोकी घेतली आणि मागून आवाज आला.

"आर्डिस? अगं, हे काय?"

लॅव्हॉन स्टूवे. चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराची गेली चाळीस वर्षं मालकीण. हिला कळलं ते नॉर्डालला कळलं, आणि नॉर्डालला कळलं की व्हर्लिनला कळलं.

"हे ना," आर्डिस म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या सफाईनं खोटं बोलली, "आपल्या नव्या पास्टरसाठी. त्यांना दूध पचत नाही."

चर्चचे नवे धर्मगुरू, पास्टर टोबायस रेन, ऑरेगनहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता. एकतीस वर्षांचे, एकटे, मोठ्या कानांचे. कुणालाही त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं. म्हणून तर ते नाव आर्डिसच्या तोंडात आलं.

"अरे देवा!" लॅव्हॉननं छातीवर हात ठेवला. "आणि बिचारे विस्कॉन्सिनात आले?"

"तू कुणाला बोलू नकोस हं. त्यांना अवघड वाटेल."

"छे गं! मी कशाला बोलू?" लॅव्हॉन म्हणाली आणि बोलायला निघून गेली.

घरी पहिल्यांदा बदामाचं झालं. व्हर्लिननं घोट घेतला आणि कप उजेडात धरला. "डेअरीवाले पाणी घालायला लागले," तो म्हणाला. "माणसं बदलली की असं होतं." आर्डिसनं दुसऱ्या दिवशी नारळाचं भरलं. "हिनं काहीतरी भलतंच खाल्लंय," व्हर्लिन म्हणाला. 'हिनं' म्हणजे गाईनं. मटाराच्या दिवशी तर तो कप ठेवून उठलाच. "हे जनावर आजारी आहे, आर्डिस. कासेला सूज असणार. कळवायला पाहिजे." आणि आर्डिस नको नको म्हणत असताना त्यानं डेअरीला फोन लावला. डेअरीनं जनावरांच्या डॉक्टरला तीन गोठ्यांवर पाठवलं. दोनशे गाई तपासल्या. सगळ्या ठणठणीत निघाल्या आणि व्हर्लिन म्हणाला, "हल्लीच्या डॉक्टरांना काय कळतंय."

मग ओट्सचं आलं. आर्डिस सिंकपाशी पाठ करून उभी राहिली. मागून कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"आर्डिस."

"काय?"

"गाई कुरणात सोडल्यात कुणीतरी." त्याचा आवाज वेगळाच झाला होता. "हिवाळाभर वाळकं खाऊन पहिल्यांदा हिरव्यात गेल्या ना, की साय अशी होते. थोडी गोडसर. आठवतं तुला? दार उघडलं की म्हाताऱ्या गाईसुद्धा वासरांसारख्या उड्या मारायच्या."

आर्डिसला आठवत होतं. तिनं कोरडे हात परत एकदा पुसले आणि दुकानातून त्याच जातीची सहा खोकी आणून जुन्या लोणच्यांच्या बरण्यांमागं लपवली. जूनमध्ये रक्ताची तपासणी होती. तिला वाटलं, सुटलो.

पण तिकडं पास्टर अडकले होते.

आमच्या भागात कुणी कुणाला पोटाबद्दल विचारत नाही. वाईट दिसतं. एखाद्याला काही पचत नाही असं कळलं, तर ते त्याच्या समोरून गुपचूप हलवायचं आणि हवापाण्यावर बोलायचं, ही रीत. त्यामुळे नॉर्डालच्या लुथरन चर्चमधल्या एकशेचाळीस माणसांपैकी एकानंही पास्टर रेनना विचारलं नाही. सगळ्यांनी फक्त हलवलं. त्यांच्या घरी ओव्हनमध्ये भाजलेल्या कॅसरोलची भांडी पोचली ती चीजशिवाय. बटाटे साधे उकडलेले. मशरूमच्या सूपमध्ये मलईऐवजी नळाचं पाणी. चर्चच्या तळघरात रविवारी कॉफीच्या वेळी लांब टेबलाशेजारी एक छोटं टेबल आलं. त्यावर लॅव्हॉनच्या वळणदार अक्षरात 'पास्टर' अशी पाटी आणि शेजारी कोरडी बिस्किटं. पास्टरनी चीजच्या ताटाकडे हात केला की कुणीतरी हसत हसत ते ताट उचलून दुसरीकडे न्यायचं. व्हर्लिन पथ्य लागल्यापासून तळघरात उतरतच नव्हता, त्यामुळे त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"कसं झालंय, पास्टर?" लॅव्हॉन पाणीदार सूप वाढून विचारायची.

"वेगळं आहे," पास्टर म्हणायचे. आमच्याकडे ही शेवटच्या पायरीची शिवी आहे. तीन आठवड्यांत बरोबर उचलली होती त्यांनी.

आर्डिसनं एकदा प्रयत्न केला. भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "लॅव्हॉन, मला वाटतं पास्टरना आता बरं आहे हं. दुधाचं."

"अगं, ते असं बरं होत नसतं. माझ्या भाच्याचं माहीत आहे ना?" लॅव्हॉननं तिच्या हातातलं फडकं घेतलं. "बरं झालं असं वाटतं, आणि मग लग्नाच्या केकवर. सगळ्यांसमोर. नको बाई."

दुसऱ्या रविवारपासून बिस्किटंही बदलली. त्यात लोणी होतं म्हणे.

मेच्या शेवटी एका दुपारी पास्टर क्वामेंच्या दारात उभे राहिले. मार्चमध्ये आले होते त्यापेक्षा बारीक दिसत होते. व्हर्लिननं त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, आर्डिसनं कॉफी टाकली. इकडचं तिकडचं झालं. पेरणी, पाऊस, चर्चचं गळकं छप्पर. मग पास्टर टोपीशी चाळा करत म्हणाले, "मी बिशपना पत्र लिहिलंय. अजून टाकलं नाही. बदलीसाठी."

"का बरं?" व्हर्लिन म्हणाला. "कुणी काही बोललं का?"

"नाही. तेच तर! कुणी काही बोलत नाही. लोक चांगले आहेत, व्हर्लिन. पण मला आपलं मानत नाहीत." त्यांचे कान लाल झाले. "हसाल तुम्ही. पण इथं पेट्रोल पंपावरसुद्धा चीज मिळतं. मी ऑरेगनला आईला सांगून निघालो होतो, की आता मजा आहे. आणि अडीच महिन्यांत मला कुणी चीजचा एक तुकडा दिला नाही. हात पुढं केला की ताट उचलतात. मला वेगळ्या टेबलावर बसवतात. मी काय केलंय?"

व्हर्लिन खुर्चीतून उठला. इतका चिडलेला तो आर्डिसनं क्वचित पाहिला होता. "माझ्या घरात असं होणार नाही," तो म्हणाला. फ्रीजमधून सायीची बाटली काढली आणि पास्टरच्या कपात स्वतःच्या हातानं भरपूर ओतली. "घ्या. ही खरी साय. कुरणातल्या गाईची. चर्चमध्ये बोलू नका, मला बंद आहे."

पास्टरनी घोट घेतला. डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओले होते. "अडीच महिन्यांत पहिल्यांदा," ते म्हणाले.

आर्डिस सिंकला टेकली. समोर दोन शहाणे पुरुष ओट्सचं पाणी पिऊन भारावले होते. ती आता गप्प राहिली असती तर नवऱ्याची साय वाचली असती आणि पास्टर गेले असते. तिनं ॲप्रन सोडला.

"ती साय नाही," ती म्हणाली.

मग सगळं सांगितलं. दुकान, लॅव्हॉन, पचत नसलेलं दूध, लोणच्यांच्या बरण्या. पास्टर अर्ध्यातच हसायला लागले होते, पण व्हर्लिनचं तोंड पाहून थांबले. व्हर्लिन उठला आणि गोठ्याकडे गेला. गोठ्याचं दार उघडं होतं, खिडकीतून तो दिसत होता. रिकाम्या खुंट्यांवर अजून गाईंच्या पाट्या होत्या, हेझल, डॉटी, मिस एडना, आणि तो एकेका पाटीखाली उभा राहत पुढं चालला होता. कॉफीचं दुसरं भांडं उकळून गेलं तेव्हा तो परत आला.

"किती दिवस?"

"ओट्सचं सहा आठवडे."

"आणि तो मटाराचा प्रकार?"

"एकच दिवस."

"मी डेअरीला फोन केला होता, आर्डिस. दोनशे गाईंना थर्मामीटर लावले त्यांनी." तो धपकन बसला. "सहा आठवडे मी पाप समजून पुण्य पीत होतो. एवढी चोरून मजा घेतली, ती सगळी पौष्टिक?"

"हो रे."

"हे गेलनला कळता कामा नये." गेलन बर्ग हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त, चाळीस वर्षं नॉर्डालच्या डेअरीत लोणी काढलेला. "कुणालाच कळता कामा नये. पंचेचाळीस वर्षं दूध काढलंय मी."

"माझ्याकडून नाही कळणार," पास्टर म्हणाले. ते उठले, टोपी घातली. "मी कोरडी बिस्किटं खाईन. आता कारण कळलंय, तर चालतील." पण पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि आर्डिसच्या ते लक्षात आलं.

जूनच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे गोठ्यावरची न्याहारी असते. तालुक्यातला एक गोठा दरवर्षी यजमान होतो, सकाळी सहापासून पॅनकेक, अंडी, चीज, आइस्क्रीम, आणि दूध हवं तेवढं. यंदा आठशे माणसं आली. व्हर्लिनला नेहमीसारखी सायीच्या टेबलाची जबाबदारी होती. मोठ्या किटल्या, पांढरा कोट, छातीवर बिल्ला. स्वतःसाठी त्यानं काळी कॉफी घेतली होती. सहा दिवस तो काळीच पीत होता. आर्डिसनं खोकं पुढं केलं की "नको" म्हणायचा, आणि साडेचारऐवजी सातला उठायचा. ते आर्डिसला सगळ्यात वाईट वाटत होतं.

पास्टर प्रार्थना म्हणून रांगेत आले. ताज्या चीजचे गोळे नुकतेच आले होते, दाताखाली चुंईचुंई वाजणारे, अजून कोमट. पास्टरनी बघितलं आणि मान फिरवली. तेवढ्यात लॅव्हॉन आलीच, हातात झाकलेली थाळी घेऊन.

"तुमचे पॅनकेक वेगळे केलेत हं, पास्टर. पाण्यात भिजवलेले. लोणी नाही, दूध नाही, अंडंसुद्धा नाही घातलं. उगीच कशाला धोका?"

थाळीत राखाडी रंगाची तीन वर्तुळं होती. पास्टरनी ती दोन्ही हातांनी घेतली. "तुमचे उपकार आहेत, लॅव्हॉन," ते म्हणाले. "फार केलंत तुम्ही सगळ्यांनी. मी गेलो तरी विसरणार नाही."

"गेलो तरी? कुठं जाताय?"

व्हर्लिननं हातातली किटली खाली ठेवली. जवळच्या बाकावर गेलन बसला होता, आणि त्याच्याबरोबर जुने सात गवळी, सगळे टोप्या घातलेले, सगळे सत्तरीच्या पुढचे. आर्डिसनं दुरूनच मान हलवली, नको म्हणून. व्हर्लिननं तिच्याकडे बघितलं आणि थाळी पास्टरच्या हातातून काढून घेतली.

"लॅव्हॉन, ह्या माणसाचं पोट घोड्याचं आहे. त्याला सगळं पचतं. ती खोकी माझ्यासाठी होती."

"कुठली खोकी?"

"ओट्सची. कॉफीत घालायची." आता आवाज वाढला होता, कारण हळू बोलायला त्याला लाज वाटत होती. "मला साय बंद आहे. आर्डिसनं गुपचूप भरली. आणि मला कळलं नाही. झालं? मला वाटलं गाईचीच आहे. कुरणातल्या गाईची."

पलीकडं कुठंतरी मुलं वासराला बघून किंचाळत होती, पॅनकेकचा तवा चरचरत होता, पण त्या बाकावर कुणी घासही चावत नव्हतं. लॅव्हॉननं एकदा व्हर्लिनकडे पाहिलं, एकदा पास्टरकडे. तिनं चीजचं ताट ओढलं आणि सगळंच्या सगळं पास्टरच्या हातात दिलं. पास्टरनी उभ्याउभ्या पहिला तुकडा तोंडात टाकला. तो वाजला.

गेलन टेबलाकडे बघत होता. मग तसाच, मान वर न करता, हळूच म्हणाला, "ओट्सचं म्हणालास?"

"हो."

"मी बदामाचं घेतो. दीड वर्ष झालं." त्यानं घसा खाकरला. "कपडे विसळलेल्या पाण्यासारखं लागतं."

"मला बायको पावडर देते," शेजारचा म्हणाला. "गॅरेजमध्ये ठेवतो डबा. रंगाच्या डब्यांत."

"ओट्सचं फाटत नाही का रे कॉफीत?"

"खोकं हलवून घ्यायचं," व्हर्लिन म्हणाला. "आणि आधी ते, मग वरून कॉफी. उलटं नाही."

"अगदी गाईसारखं?"

"मला विचारतोस? मी फसलोय ना!"

मग सगळे एकदम बोलायला लागले. टोप्या एकमेकींना टेकल्या. साखर कुठल्यात कमी, दाट कुठलं, कोणाच्या डॉक्टरनं काय सांगितलं. डोक्यावर 'दूध प्या' असं लिहिलेलं भलंमोठं निळं कापड फडफडत होतं आणि त्याच्याखाली मिळून साडेतीनशे वर्षं धारा काढलेली माणसं ओट्सवर चर्चा करत होती. आर्डिस जवळ आली तर व्हर्लिननं सरकून तिला बाकावर जागा केली.

"तसं बघितलं तर," तो म्हणाला, "ओट्स आपणही जन्मभर पेरलेच की. ओट्स गाईला घालायचे, गाय दूध द्यायची, ते आपण कॉफीत घालायचो. ह्या लोकांनी फक्त मधली गाय काढून टाकली."

सगळे हसले. गेलन नाही हसला. तो कपात चमचा फिरवत राहिला.

"पण आपलं जमायचं ते त्या मधलीशीच रे," तो म्हणाला.

व्हर्लिननं आपला काळ्या कॉफीचा कप आर्डिसपुढं सरकवला.

"गाडीत ठेवलंयस ना एखादं खोकं?"

तिनं ठेवलं होतं.

"आण. आणि नऊ कप आण."